ऑक्टोबरमधली गुलाबी दौड: जमलेला पैसा नक्की कुठे घालावा?

मोगरा_सातारा

नमस्कार मंडळी,

आमचं महिला मंडळ ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीसाठी 5 किलोमीटरची दौड घेतंय. साताऱ्यात धावणाऱ्यांची वानवा नाही, त्यामुळे 400 नावं येतील असा अंदाज आहे. प्रवेश शुल्क 500 रुपये. मंडळाची नोंदणी नाही. बँकेत दोघींच्या नावे संयुक्त खातं आहे, त्यातूनच आजवरचे हळदीकुंकू-सहलीचे व्यवहार झाले.

अडलेल्या गोष्टी अशा:

दौडीनंतर मंगल कार्यालयात तपासणी शिबिर घ्यायचं आहे. मॅमोग्राफीची (स्तनांच्या एक्स-रेची) व्हॅन मागवावी असं काहींचं म्हणणं, तर काहींच्या मते साधी हाताने तपासणी पुरे. 200 बायका तरी तपासून व्हाव्यात.

गावातले एक सराफ म्हणतात, "ऑक्टोबरभर प्रत्येक खरेदीमागे काही रक्कम कॅन्सरसाठी देऊ, तुमचं नाव आणि गुलाबी फीत आमच्या फलकावर लावू." हो म्हणावं का?

एका सभासदेचे दीर न्यू जर्सीत असतात, ते पैसे पाठवायला तयार आहेत.

आणि मुख्य प्रश्न: उरलेला पैसा द्यायचा कुठे? जाणकारांनी सविस्तर सांगावं. "चांगला उपक्रम, शुभेच्छा" एवढंच लिहायचं असेल तर शुभेच्छा पोचल्या असं समजते.

वैद्यकीय_वाटसरू

व्हॅन की हात, हे नंतर. आधी एक कागद तयार करा: रविवारी जिच्या तपासणीत शंका निघेल ती सोमवारी कोणत्या रुग्णालयात, कोणत्या डॉक्टरांकडे जाणार, आणि तिथल्या तपासण्यांचे पैसे कोण भरणार. तो कागद तयार नसेल तर शिबिर घेऊ नका, नुसतं व्याख्यान ठेवा. शंका काढून बाईला घरी पाठवायचं आणि पुढे कोणी विचारायचं नाही, यातून भीती तेवढी वाढते.

आता व्हॅन. एका बाईच्या मॅमोग्राफीत प्रत्येक बाजूच्या दोन, अशा चार प्रतिमा घेतात. कपडे बदलणं, नोंद, प्रतिमा नीट आली का ते बघणं धरून 12 मिनिटं जातात. म्हणजे तासाला पाच आणि सहा तासांत तीस. 200 चा आकडा व्हॅनच्या बाबतीत विसरा. शिवाय चाळिशीच्या आत स्तनातल्या ऊती दाट असतात, प्रतिमेत सगळंच पांढरं दिसतं आणि गाठही पांढरीच. तरुण मुलींना व्हॅनमध्ये चढवण्यात अर्थ नाही. व्हॅनवाल्यांना तीन गोष्टी विचारा: यंत्राला एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना आहे का, अहवाल कोणता रेडिओलॉजिस्ट किती दिवसांत देणार, आणि अहवालात "बायरॅड्स" (मॅमोग्राफीच्या निष्कर्षाचा क्रमांक) 0 आला तर पुढची सोनोग्राफी कोण करणार. 0 म्हणजे "काही नाही" नव्हे, "प्रतिमा अपुरी, अजून तपासा". हा शून्य बघून निर्धास्त झालेल्या बायका खूप असतात. 3 म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं, 4 आणि 5 म्हणजे बायोप्सी (तुकडा काढून तपासणी).

तिथेच सोनोग्राफीही करून टाकू, असं कोणी सुचवलं तर थांबवा. सोनोग्राफीचं यंत्र उचलून मंगल कार्यालयात आणणं पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदान प्रतिबंधक) कायद्यात बसत नाही, हेतू कितीही चांगला असो. यंत्र सील होईल आणि डॉक्टर अडचणीत येतील.

हाताने केलेल्या तपासणीला कमी लेखू नका. टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख बायकांवर मोठा अभ्यास केला. निम्म्या गटाला प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, फक्त हाताने तपासलं. मॅमोग्राफी नाही. वीस वर्षांचे निष्कर्ष 2021 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, आणि सगळ्या वयांची मिळून 15 टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरली नाही. हा फायदा पुन्हापुन्हा केलेल्या तपासणीचा आहे हेही ध्यानात घ्या. एका रविवारच्या शिबिराला तो आकडा चिकटवून पत्रक छापू नका.

नीट तपासणी म्हणजे वरवर चाचपणं नव्हे. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, टोकांनी नाही, नाण्याएवढी छोटी वर्तुळं काढत जायचं. प्रत्येक जागी तीन दाब: हलका, मध्यम आणि फासळी जाणवेल इतका. गळ्याखालच्या हाडापासून ब्राच्या खालच्या शिवणीपर्यंत उभ्या पट्ट्या, मग काख. आधी बसवून दोन्ही बाजू डोळ्यांनी बघायच्या, हात वर करायला लावून त्वचा कुठे ओढली जाते का ते पाहायचं, मग झोपवून हात लावायचा. नोंदीसकट एकीला आठ मिनिटं. एक सिस्टर तासाला सात, चार तासांत अठ्ठावीस. 200 बायकांना आठ प्रशिक्षित जणी लागतील. तेवढ्या मिळत नसतील तर 100 च बोलवा. वेळ कमी पडला की पहिली काख सुटते.

शंका निघेल अशा दहापर्यंत बायका धरून ठेवा. प्रत्यक्ष कॅन्सर एकीतही निघणार नाही कदाचित. मोठ्या शहरांतल्या नोंदणीत सगळ्या वयाच्या लाख बायकांमागे वर्षाला साधारण 30 ते 50 नवीन रुग्ण असतात. चाळिशीच्या पुढच्याच बोलावल्यात तर प्रमाण वाढतं, तरी 200 मध्ये "एकही सापडला नाही" म्हणजे शिबिर फुकट गेलं असं नाही. उलट, "आमच्या शिबिरात इतके कॅन्सर पकडले" अशा बातम्या आल्या की मला तरी शंका येते.

पडदे जाड लावा, आत बाई मदतनीस ठेवा, नावं माइकवरून पुकारू नका. आणि आशाताईंना आधीच सामील करा. सरकारी कार्यक्रमात तिशीच्या पुढच्या बायकांची पाच वर्षांतून एकदा अशी तपासणी व्हायचीच असते, फॉर्म त्याच भरतात. तुमच्या याद्या त्यांच्याकडे गेल्या तर पाठपुरावा आपोआप होतो.

कीर्द_खतावणी

पैशाच्या बाजूवर लिहितो. संयुक्त खात्यात दोन लाख आले की ते पहिल्या खातेदाराच्या पॅनवर दिसणार, आणि उद्या नोटीस आली तर "ते मंडळाचे होते" हे सिद्ध करत बसायची पाळी त्या बाईंवर येणार. तेव्हा दोनपैकी एक रस्ता धरा.

पहिला रस्ता: धर्मादाय कार्यालयातून कलम 41क खाली वर्गणीची परवानगी घ्या. गणेशोत्सव मंडळं घेतात तीच. पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं, सभेचा ठराव, कार्यक्रमाचं ठिकाण आणि तारीख, बँक खात्याचा तपशील लागतो. परवान्यावर मुदत असते. ती संपली की जमाखर्च सादर करायचा, पावती पुस्तकांचे अनुक्रमांक जुळले पाहिजेत. एकही पावती पुस्तक हरवू देऊ नका, कोरं असलं तरी. या रस्त्यात देणगीदाराला आयकरात सवलत मिळत नाही.

दुसरा, आणि माझ्या मते बरा: 12ए (ट्रस्टला करमाफी) आणि 80जी (देणगीदाराला आयकरात सवलत) असलेल्या एखाद्या नोंदणीकृत ट्रस्टशी लेखी करार करा. देणग्या थेट त्यांच्या खात्यात जातील, पावती ते देतील, आणि करारात "ही रक्कम सातारा जिल्ह्यातल्या रुग्णांच्या निदानासाठीच वापरायची, 31 मार्चपर्यंतचा खर्च मंडळाला लेखी कळवायचा" असं कलम असेल. ट्रस्टचं 80जी प्रमाणपत्र कोणत्या वर्षापर्यंत वैध आहे ते आयकर खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा, त्यांच्या लेटरहेडवर विसंबू नका.

देणगीदारांना आधीच सांगायच्या गोष्टी: 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला 80जीची सवलत मिळत नाही, वस्तू दिल्या तर मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत गेलेल्यांना तर कशालाच नाही. 500 रुपयांचं प्रवेश शुल्क ही देणगी नव्हेच, बदल्यात टी-शर्ट आणि पदक मिळतंय. त्यावर 80जीची पावती देणारे आयोजक पाहिले की हात जोडावेसे वाटतात.

दौडीत डबा फिरवणार असाल तर सोबत वही ठेवा, नाव-पत्ता लिहून घ्या. निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या तर ट्रस्टला त्यावर 30 टक्के कर बसतो. डबा दोघींच्या समोर उघडायचा, मोजणीच्या कागदावर दोघींच्या सह्या, रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत. डब्यातल्या पैशातून मांडववाल्याला परस्पर द्यायचे नाहीत.

न्यू जर्सीचे दीर: त्यांचा पासपोर्ट कोणता? भारतीय असेल तर ते स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवू शकतात, ती विदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकन नागरिक असतील तर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांचं) कार्ड असूनही ती विदेशी देणगीच. मग एफसीआरए (विदेशी देणगी कायद्याखालची) नोंदणी असलेली संस्थाच ती घेऊ शकते, तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात. "मला पाठवा, मी मंडळाला देते" हा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका. तो सरळ कायदेभंग आहे.

सराफांच्या फलकाबद्दल एवढंच: "अमुक यांच्या देणगीतून" एवढा उल्लेख असेल तर ती देणगी. दुकानाचा पत्ता, ऑफर, "आजच भेट द्या" आलं की ते प्रायोजकत्व, आणि मग जीएसटीचा प्रश्न उभा राहतो.

रानजाई

सराफांच्या प्रस्तावाला माझं उत्तर: असाच्या असा असेल तर नाही. "काही रक्कम" हा शब्द या क्षेत्रात तीस वर्षं बदनाम आहे.

थोडी पार्श्वभूमी, कारण गुलाबी फितीचा जन्मच या वादातून झालाय. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात शार्लट हेली नावाच्या बाई घरी बसून फिती बनवत. रंग गुलाबी नव्हता, पिकल्या पीचसारखा होता. पाच फितींच्या संचासोबत एक कार्ड असे: अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं वार्षिक बजेट 1.8 अब्ज डॉलर, त्यातले फक्त 5 टक्के प्रतिबंधासाठी, आपल्या लोकप्रतिनिधींना जागं करा. म्हणजे ती फीत एक ठोस मागणी होती, आकड्यासकट. 1992 मध्ये एका महिला मासिकाने आणि एस्टी लॉडर कंपनीने ती फीत मागितली. बाई नाही म्हणाल्या, हा फार बाजारू मामला होईल म्हणून. वकिलांनी सल्ला दिला, रंग बदला. गुलाबी आली, सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवरून लाखोंनी वाटली गेली, आणि कार्डावरची मागणी मागेच राहिली.

पुढे काय झालं ते दोन उदाहरणांत पाहा. एक दही कंपनी म्हणे, झाकणं धुऊन पोस्टाने पाठवा, झाकणामागे 10 सेंट देऊ. पोस्टाचं तिकीटच त्याहून महाग. 2010 मध्ये केएफसीने गुलाबी बादल्यांत कोंबडी विकली, बादलीमागे 50 सेंट. पण ते पैसे दुकानदारांनी बादल्या मागवतानाच मोजले जात. गिऱ्हाइकाने बादली घेतली काय, न घेतली काय, देणगीत फरक शून्य. ब्रेस्ट कॅन्सर अॅक्शन या संस्थेने 2002 पासून "गुलाबी घेण्याआधी विचार करा" अशी मोहीमच चालवली ती यासाठी.

आणि 2015 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने पन्नासही राज्यांना सोबत घेऊन कर्करोगाच्या नावावर चालणाऱ्या चार संस्थांवर खटला भरला. 18.7 कोटी डॉलर गोळा केले होते, आणि रुग्णांपर्यंत पोचले त्यातले जेमतेम तीन टक्के. बाकी पगार, सहली आणि पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांची दलाली यात गेले.

तर सराफांकडून लेखी घ्या: खरेदीमागे किती रुपये, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, विक्री झाली नाही तरी किमान किती देणार, कमाल मर्यादा आहे का, आणि पैसे कोणत्या ट्रस्टच्या नावे. हे पाचही फलकावर छापायचं. त्यांना कटकट वाटली तर सोपा पर्याय द्या: 50,000 चा धनादेश दौडीच्या आधी, खरेदीशी संबंध नाही. फलकावर आभार. खरा हेतू असेल तर ते हाच पर्याय घेतील.

अवांतर: एखादी मोठी कंपनी सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) दौड प्रायोजित करू म्हणाली तर जपून. स्वतःच्या मालाच्या प्रसिद्धीसाठी केलेलं प्रायोजकत्व सीएसआरच्या नियमांत धरत नाहीत. त्यांच्याकडून पैसा मागायचा तो निदानाच्या कामासाठी मागा, टी-शर्टसाठी नाही.

उगाच_एक

इतकी चिरफाड कशाला? लोक पहाटे उठून धावतात, बायका त्या निमित्ताने हा शब्द तोंडाने उच्चारतात, हे काय कमी आहे? सगळ्यालाच हिशेबाची पट्टी लावली तर कोणी काही करणारच नाही.

रानजाई

@उगाच_एक, उघड बोलण्याची ताकद नाकारत नाही. सप्टेंबर 1974 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी स्वतःचा स्तन काढल्याचं जाहीर सांगितलं, आणि पुढच्या काही महिन्यांत तपासणीला येणाऱ्या बायका इतक्या वाढल्या की नव्या रुग्णांच्या राष्ट्रीय आलेखात उंचवटा दिसतो. ना फीत, ना दौड. पण त्याच देशात 1991 मध्ये स्थापन झालेल्या रुग्णांच्या आघाडीने थेट संसदेकडे मागणी लावून धरली आणि 1993 च्या संरक्षण खात्याच्या बजेटमधून संशोधनाला 21 कोटी डॉलर मिळवले. किती बादल्या कोंबडी विकावी लागली असती त्यासाठी? मुद्दा एवढाच आहे की जागृतीचा संदेश नेमका हवा.

वैद्यकीय_वाटसरू

नेमक्या संदेशावरून: पत्रकावर "दर महिन्याला पाळीनंतर सातव्या दिवशी स्वतः तपासा" हे ठोकळेबाज चित्र छापू नका. शांघायच्या कापड गिरण्यांमधल्या 2,66,064 बायकांवर याचीच चाचणी झाली, निष्कर्ष 2002 चे. स्वतःची तपासणी शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या गटांत मृत्यूंचा फरक पडला नाही, साध्या गाठींच्या बायोप्स्या मात्र वाढल्या. त्याऐवजी छापा: न दुखणारी गाठ, त्वचेला खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा पोत, स्तनाग्र नव्याने आत ओढलं जाणं, त्यातून रक्तासारखा स्राव, काखेत गाठ. यातलं काही दिसलं तर दोन आठवड्यांच्या आत डॉक्टरांना दाखवा. आणि ठळक अक्षरांत: बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. "दुखत नाही म्हणजे काही नाही" हा समज खोडणारी एक ओळ दहा फुग्यांपेक्षा कामाची.

मोगरा_सातारा

सगळ्यांचे आभार. ट्रस्टच्या मार्गानेच जाऊ. सराफांनी 50,000 चा पर्याय मान्य केलाय, थोडं तोंड वाकडं करून. दीर अमेरिकन नागरिक आहेत, त्यांना नकार कळवला. आता 400 × 500 म्हणजे दोन लाखांतून किती उरेल, आणि उरेल ते नक्की कशावर?

कीर्द_खतावणी

ढोबळ गणित: टी-शर्ट 200, पदक 70, बिब (छातीवरचा क्रमांक) आणि पिना 20, नाश्ता-पाणी 60, रुग्णवाहिका, मांडव, ध्वनिक्षेपक, विमा मिळून माणशी 80. झाले 430. उरले 70, म्हणजे एकूण 28,000. टी-शर्ट ऐच्छिक करा, वेगळे पैसे घ्या. आणि पदक काढून प्रमाणपत्र दिलंत तर हाच आकडा 1,36,000 वर जातो. दौडीच्या देणग्या नेमक्या इथेच, कपड्यात आणि धातूत अडकतात.

वैद्यकीय_वाटसरू

निदानावर घाला. शिधापत्रिकेवर महात्मा फुले योजनेत 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते निदानाचा कागद हातात आल्यावर. त्याआधीची मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायोप्सी खाजगीत केली तर पदरचा पैसा, आणि सरकारीत केली तरी चार खेपांची मजुरी बुडते. बायका गळतात त्या इथे.

ट्रस्टच्या करारात रुग्णालयाशी दर लिहून घ्या: कोअर बायोप्सी (जाड सुईने गाठीचे तुकडे काढणं), पॅथॉलॉजी आणि कोणतं औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या ईआर, पीआर, हर-2 या तीन चाचण्या, सगळं मिळून एक रक्कम. हर-2 "2+" (अनिश्चित) आला तर फिश नावाची वेगळी चाचणी लागते, तिचाही दर आधीच ठरवा, नाहीतर नेमक्या त्या टप्प्यावर पैसे संपतात. पैसे रुग्णाच्या हातात न देता रुग्णालयाला बिलावर द्या.

नमुना वाया जाऊ नये म्हणून पाहायचं ते असं. बायोप्सी 14 गेजच्या सुईने, चार-पाच तुकडे. नुसत्या बारीक सुईच्या तपासणीवर भागवू नका, तिच्यात तीन चाचण्यांपुरतं मटेरियल मिळेलच असं नाही. तुकडे तासाभरात 10 टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात), तुकड्याच्या दहापट द्रव. सलाइनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये टाकलेला नमुना लॅबपर्यंत बिघडतो, आणि मग टॅमॉक्सिफेन (हार्मोनवर चालणारं औषध) लागू पडेल की नाही हे ठरवणारी चाचणीच भरवशाची राहत नाही. फॉर्मॅलिनमध्ये 6 तासांपेक्षा कमी नको, 72 पेक्षा जास्त नको. म्हणून कुरिअरने लॅबला जाणारी बायोप्सी शुक्रवारी संध्याकाळी करू नये, सोमवार ते बुधवार ठेवावी. "आधी गाठ काढून टाकू, मग बघू" म्हणणाऱ्याकडे जाऊ देऊ नका. काढलेली गाठ पॅथॉलॉजीला न पाठवता फेकून दिल्याचे प्रकार आजही होतात, आणि मग पुढचा सर्जन चाचपडतो.

अहवालासोबत स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक दोन्ही मागून घ्या. परळला टाटामध्ये गेलं की तेच मागतात, नसतील तर बायोप्सी पुन्हा. मुक्कामासाठी परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा यांच्याकडे डॉक्टरांच्या पत्रासह आधी चौकशी करा. एसटी आणि रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णांना सवलत आहे, रुग्णालयाच्या दाखल्यावर. ती वापरून उरलेल्या भाड्याला तुमचे पैसे लावा.

थोडे पैसे राखून ठेवायचे तर शस्त्रक्रियेनंतर हाताला सूज येते त्यासाठीच्या दाबाच्या बाह्या घ्या. प्रत्येकीचं माप वेगळं, म्हणून ठोक मागवू नका. आणि वहीत शंका निघालेल्या प्रत्येकीसमोर पाच रकाने: कुठे पाठवली, गेली का, बायोप्सीची तारीख, अहवाल, उपचार सुरू झाल्याची तारीख. ही वही एकीच्याच ताब्यात राहील, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचा फोटो टाकायचा नाही. पंधरा दिवसांत दुसरा रकाना कोरा असेल तर फोन, महिन्यात कोरा असेल तर आशाताईंना घेऊन घरी.

मोगरा_सातारा

कळलं. ट्रस्टच्या नावे देणगी घेतली तरी प्रवेश शुल्क मंडळाच्याच खात्यात यायचं ना? मग 41क लागेल का?

कीर्द_खतावणी

शुल्कही ट्रस्टच्या खात्यात घ्या आणि खर्चाची बिलं ट्रस्टच्या नावे काढा. दोन खाती झाली की हिशेब जुळत नाहीत. मंडळाच्या खात्यात घ्यायचंच असेल तर पत्रकावर "कर्करोगासाठी" असं लिहून पैसे गोळा करताय, तेव्हा 41कचा अर्ज करून टाका. नोंदणी नसली तरी चालतो. ऑक्टोबरसाठी अर्ज ऑगस्टअखेर द्या. गणपतीच्या तोंडावर त्या खिडकीवर रांग असते.